मामाची होडी आणि दहा घोड्यांचं मशीन

मालवण तालुक्यातल्या तळाशीलला माझ्या मामाची २२ फुटी फायबरची होडी आहे. एका अंगाला कालावलची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड आणि घरं. होडीवर तिघे असतात: मामा तांडेल (होडीचा प्रमुख), त्याचा मुलगा आणि शेजारचा एक खलाशी. जाळ्यात बांगडा, सौंदाळा, नशीब असेल तर सरंगा. होडीच्या मागच्या फळीवर अकरा वर्षं एकच मशीन होतं, १५ घोड्यांचं, म्हणजे १५ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. गेल्या मोसमाच्या तोंडावर, नारळी पौर्णिमेला आठवडा असताना, मामाने ते अंगणातल्या पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि दोरी ओढली. कसलाच जोर न लागता दोरी हातात आली. मेकॅनिकने प्लग काढला, भोकावर अंगठा धरला आणि पुन्हा ओढायला सांगितलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, असतं तर अंगठा उडाला असता. तो होता तिथेच राहिला.

मी चिंचवडला एका कारखान्यात डिझेल इंजिनांच्या चाचणी विभागात आहे. त्यामुळे मला जगातल्या सगळ्या मशिनांतलं कळतं असा आमच्या घरचा समज. आउटबोर्डातलं, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या मशीनमधलं, तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं. फोन मात्र मलाच आला.

मामाची मागणी साधी होती. "माका पंधराच होया. मुखार लाट उठली की दहा घोडे काय करतले?" भीती खोटी नव्हती. खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी सरकत असते आणि ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा आला की तिथे लाट फुटते. तिथे मशीन कमी पडलं तर होडी आडवी होते. पेट्रोल किती लागतं हा प्रश्न मामाने विचारलाच नव्हता, तो माझा होता.

आधी वही

मामाच्या खिशात एक वही असते. पेट्रोल, बर्फ, लिलावाचा आकडा, सगळं तिच्यात. मागच्या मोसमाची पानं चाळली तर सरासरी दिवसाला साडेबारा लिटर पेट्रोल आणि त्यात ५० ला १ या प्रमाणात पाव लिटर ऑइल पडत होतं. लिटरला १०५ रुपये धरले तरी रोजचे तेराशेच्या वर नुसते पेट्रोलचे. आमच्याकडे पेट्रोल आणि बर्फ वजा जाऊन उरेल त्याचे वाटे पडतात, म्हणजे मशीन जे पितं ते तिघांच्या ताटातून पितं. हे समोर मांडल्यावर मामाआधी खलाशी नीट ऐकायला लागला.

एवढं पेट्रोल जात कुठे होतं? जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकात ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतानाच जळका धूर बाहेर ढकलतं, आणि त्या ढकलाढकलीत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच पाण्यात जाऊ शकतं. जुन्या मशीनच्या मागे पाण्यावर जी सप्तरंगी साय दिसायची ती हीच. फोर-स्ट्रोकात झडपा असल्यामुळे ही गळती जवळजवळ थांबते. म्हणून दुरुस्त केलेलं जुनं टू-स्ट्रोक घेण्याचा स्वस्त पर्याय मी पहिल्याच दिवशी खोडला. मामाने तो दुसऱ्या दिवशी परत काढला आणि तिसऱ्या दिवशीही.

रॉकेलवर चालणारं आउटबोर्ड केरळात सर्रास वापरतात. आमच्याकडे रॉकेल मिळवणं हाच एक धंदा होऊन बसेल. डिझेलच्या इनबोर्डला, म्हणजे होडीच्या आत बसवायच्या इंजिनाला, डिझेलवरच्या कराच्या परताव्याचा मोह असतो, पण त्यासाठी होडीचा तळ फोडून शाफ्ट काढावा लागतो आणि आमची होडी रोज वाळूवर ओढली जाते. बॅटरीच्या मोटरचा हिशेबही केला. दिवसाच्या कामाला पुरेल एवढी बॅटरीच शंभर किलोच्या वर जात होती. खाडीत पर्यटक फिरवणाऱ्याला ती जमेल, जाळीवाल्याला नाही.

घोडे किती लागतात

होडीची पाण्यातली लांबी सुमारे २० फूट. जी होडी पाण्यावर उचलून धावत नाही, पाणी कापत जाते, तिचा वेग या लांबीवर बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके सागरी मैल. २० चं वर्गमूळ ४.४७, म्हणजे सहा नॉट. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. मागची बाजू बसते, पुढची नाळ वर होते आणि दर अर्ध्या नॉटला पेट्रोल भरमसाट वाढतं.

तिघे माणसं, ओली जाळी, बर्फाच्या पेट्या, मासळी आणि होडी स्वतः मिळून वजन टनाच्या आसपास. एवढं वजन शांत पाण्यात सहा नॉटने न्यायला चार-पाच घोडे पुरतात. नऊ-दहा घोड्यांत वाऱ्या-लाटेसाठी जवळपास तेवढीच शिल्लक राहते. १५ घोडे लावले तरी भरलेली होडी पाण्यावर उचलली जाणार नाही, फक्त मोठी लाट ओढत एखादा नॉट जास्त धावेल.

हे गणित मी कागदावर करून दाखवलं. मामाने कागद घडी घालून वहीत ठेवला आणि म्हणाला, गणित बरोबर आहे पण मुखावरची लाट शाळेत गेलेली नाही.

शेवटी निकाल लागला तो खांद्यावर. आमच्याकडे मशीन रात्री होडीवर ठेवत नाहीत. काम संपलं की क्लॅम्प सोडायचे, खांद्यावर घ्यायचं आणि वाळूतून घरी आणायचं. जुनं टू-स्ट्रोक ३६-३७ किलोचं होतं. आजची १५ ते २० घोड्यांची फोर-स्ट्रोक मशिनं ४५ ते ५२ किलोंची. सुझुकीची ९.९ बी, १५ आणि २० ही तिन्ही तर एकाच ३२७ सीसीच्या ठोकळ्यावर उभी आहेत, त्यामुळे त्यातलं सर्वांत लहान घेतलं तरी वजन ४४ किलोंच्या खाली येत नाही. २०९ सीसीच्या घराण्यातलं ९.८-९.९ घोड्यांचं लांब शाफ्टचं (पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा लांब असलेलं) मशीन मात्र ३८-४० किलोंत बसतं. मालवणात एका वॉटर स्पोर्टवाल्याचं ५० किलोचं मशीन मामाने उचलून बघितलं. दहा पावलं चालला, खाली ठेवलं, आणि त्यानंतर पंधराचा विषय त्याने स्वतः काढला नाही.

शाफ्ट आणि कार्ब्युरेटर

विक्रेत्याकडे तयार माल आखूड शाफ्टचा होता, १५ इंची. "लगेच घेऊन जा, सूटही देतो," असं म्हणाला. आम्ही मागची फळी आधीच टेपने मोजली होती. माथ्यापासून तळापर्यंत २० इंच आणि वर दोन सूत. आखूड शाफ्ट लावला असता तर प्रत्येक उसळीला पंखा वर येऊन हवा खाल्ली असती, मशीन किंचाळलं असतं आणि होडी जागेवर राहिली असती. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी लागते. २० इंचीसाठी तीन आठवडे थांबलो. त्या तीन आठवड्यांत बांगडा भरपूर लागला आणि मामा माझ्याशी फोनवर एका शब्दात बोलत होता.

कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, यावर मी दोन्ही बाजूंनी फिरलो. इंजेक्शनचं मशीन पहिल्या ओढीला सुरू होतं आणि थोडं कमी पितं. पण ते आजारी पडलं की निदानाला लॅपटॉपवाला माणूस लागतो. आमच्या मेकॅनिककडे पाने, दातांचा ब्रश आणि तीस वर्षांचा हात आहे. त्याने दर्यावरून आलेल्या माणसाला रात्री नऊला कार्ब्युरेटर साफ करून दिलेला मी पाहिला आहे. तारकर्ली-देवबागकडे पर्यटनामुळे आउटबोर्डवाले मेकॅनिक वाढलेत, आणखी पुढे गोवा आहेच. पण मशीन बंद म्हणजे तिघांची चूल बंद, तेव्हा गोव्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. कार्ब्युरेटरचं घेतलं. घ्यायच्या आधी मेकॅनिकला विचारून पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, थर्मोस्टॅट, प्लग आणि पंख्याच्या पिना कुठे आणि किती दिवसांत मिळतात ते तपासलं. दोन कंपन्यांची मशिनं या एका प्रश्नावर बाद झाली.

मशीन सव्वादोन लाखांच्या आसपास पडलं. पहिल्यांदा पिंपात चालू केलं तेव्हा मामी दारातून म्हणाली, "ह्येचो आवाजच येना नाय, चालू आसा काय बंद?"

पहिला महिना

पहिल्या महिन्यात वहीत रोजचे साडेआठ-नऊ लिटर दिसले. साडेबारावरून नऊ म्हणजे वाईट नाही, पण मी सहा सांगून बसलो होतो. शिवाय मामाची तक्रार, की भरलेल्या होडीला मशीन "घुसमटतं".

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मोजमापाचं सामान घेऊन गेलो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर, फोनवर नॉट दाखवणारं जीपीएस, आणि पाच लिटरचा अर्धपारदर्शक कॅन, ज्यावर मी घरी मापाने पाणी ओतून दर पाव लिटरला मार्करची रेघ मारली होती. होडीत जाळी, बर्फ, तिघे आणि मी. टाकीची नळी काढून कॅनमध्ये सोडली. एकाच पट्ट्यात एकदा जाऊन एकदा परत यायचं, म्हणजे प्रवाहाचा फायदा-तोटा फिटतो.

पूर्ण थ्रॉटलला मीटरने मिनिटाला ४,६०० फेरे दाखवले. पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५,००० ते ६,००० आहे. घुसमट ती हीच. मशिनासोबत आलेला पंखा ९ इंची पिचचा होता, म्हणजे घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात ९ इंच पुढे गेला असता. गिअर २.०८ ला १. पंख्याचे मिनिटाला २,२०० फेरे, हिशेबाने वेग १६ नॉट. होडी धावत होती ६.४ ने. बाकीचं सगळं पाणी ढवळण्यात. हा पंखा हलक्या, पाण्यावर उडणाऱ्या बोटीसाठीचा. आमची होडी म्हणजे भरलेली बैलगाडी, आणि तिला चढावर वरचा गिअर टाकल्यासारखं झालं होतं.

७ इंची पंखा मागवला. त्यावर पूर्ण थ्रॉटलला ५,४०० आले, वेग ६.८ झाला. मुखावरच्या लाटेत मशीन चटकन उचल खायला लागलं, आणि मामाची पंधराची भीती तिथे गेली. पुन्हा कॅन लावून घेतलेले आकडे असे:

३,००० फेऱ्यांना ४.२ नॉट, तासाला १ लिटर.
४,००० ला ५.४ नॉट, १.७ लिटर.
४,५०० ला ६ नॉट, २.३ लिटर.
५,४०० ला ६.८ नॉट, ३.६ लिटर.

इथे माझं स्वतःचं एक मत बदललं. पेट्रोल पंख्याने वाचेल अशी माझी समजूत होती. पंख्याने मशीन वाचलं, कारण कमी फेऱ्यांवर पूर्ण ओझं खेचत राहिलेलं इंजिन तापतं आणि लवकर झिजतं. पेट्रोलचा मोठा हिस्सा मात्र थ्रॉटलवरच्या हातात होता. मामाची जाळी सहा सागरी मैलांवर पडतात असं धरा. पूर्ण थ्रॉटलने ५३ मिनिटं आणि ३.२ लिटर. ४,००० वर ६७ मिनिटं आणि १.९ लिटर. चौदा मिनिटांसाठी सव्वा लिटर, तेही एका खेपेला.

मी मोठ्या उत्साहाने हे सांगितल्यावर मामाने विचारलं, सर्जेकोट बंदरात मासळीचा लिलाव कितीला सुरू होतो ते तुला माहीत आहे का? माहीत नव्हतं. बांगडा सगळ्यांनाच लागलेला असतो तेव्हा पहिल्या चार होड्यांना एक भाव मिळतो आणि विसाव्या होडीला दुसरा. त्या दिवशी चौदा मिनिटांची किंमत सव्वा लिटरपेक्षा किती तरी जास्त. माझ्या कॅनवर ती रेघ नव्हती. मग ठरलं असं: जाताना कायम ४,०००. येताना मासळी जास्त असेल आणि मागेपुढे होड्या दिसत असतील तर पूर्ण, नाहीतर ४,०००. थ्रॉटलच्या मुठीवर ४,००० च्या जागी मामाच्या मुलाने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. डिसेंबरपासून वहीत साडेपाच ते साडेसहा लिटर येऊ लागले. मोसमात १८० दिवस होडी जाते असं धरलं तर साडेसहा लिटरांची बचत म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, शिवाय रोजचं पाव लिटर ऑइल वाचलं ते वेगळं. इंजिनातलं ऑइल दर १०० तासांनी बदलावं लागतं, तो खर्च यातून वजा करायचा.

पेट्रोलमधलं पाणी

जानेवारीत एका पहाटे मशीन दर्यात आचके द्यायला लागलं आणि बंद पडलं. वल्ही होती, आसपास होड्या होत्या, एकाने ओढून आणलं. कार्ब्युरेटरच्या वाटीत मेकॅनिकला पाण्याचे थेंब सापडले. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवलं तर वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी दोन बोटं गढूळ थर.

२०२३ च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच आलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ती ठराविक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, टोहात्सू, कुणाचंही पुस्तक उघडा, आउटबोर्डला चालणारं इथेनॉल जास्तीत जास्त १० टक्के असं लिहिलेलं असतं. विक्रेता तोंडी म्हणाला होता, "चालतं हो सगळ्यांना." हेच लिहून द्या म्हटल्यावर विषय बदलला. तेव्हाच मी जास्त जोर लावायला हवा होता.

पंपावरचं पेट्रोल खरंच २० टक्क्यांचं आहे का, हे घरी तपासता येतं. भाचीच्या शाळेच्या प्रयोगपेटीतलं मापाचं नळकांडं घेतलं, १० मिली पाणी, वर १०० मिली पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पाण्याचा थर १० वरून चढत चढत २९ पर्यंत आला. वाढलेलं सगळं इथेनॉल. अंगणात, चुलीपासून लांब, हे करावं. मामीला त्या दिवशी दुपारी चूल पेटवू दिली नव्हती आणि तिने ते अजून विसरलेलं नाही.

पर्याय फारसे नाहीत. पेट्रोल दोन दिवसांपुरतंच आणायचं. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्रभर झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा सोडायचा नाही, आणि मामा नेमकं तेच करत होता. टाकी आणि मशीन यांच्यात पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, खालच्या वाटीतून दर आठवड्याला पाणी काढायचं. नळ्या आणि हातपंपाचा रबरी फुगा वर्षाला बदलायचे. घरी आणण्याआधी नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवायचं. इंजेक्शनचं मशीन या त्रासातून सुटलं असतं असं काही जण सांगतात. पाणी दोघांनाही सोडत नाही, आणि इंजेक्शनचा बिघाड पुन्हा लॅपटॉपकडेच जातो, म्हणून त्या निवडीवर मी अजून ठाम आहे.

एक चूक पूर्ण आमची. टू-स्ट्रोक कसंही आडवं टाकलं तरी चालायचं. फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑइल असतं, ते पुस्तकात दाखवलेल्या बाजूनेच आडवं करावं लागतं. मामेभावाने एका रात्री उलट्या कुशीवर टाकलं. सकाळी प्लग ऑइलने माखलेले, आणि सुरू झाल्यावर अंगणभर निळा-पांढरा धूर. नुकसान झालं नाही, पण आता पडवीत मशीनसाठी लाकडी घोडा आहे आणि ते उभंच राहतं. रोज खाडीवरून आल्यावर पिंपात गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवतात, तेव्हा कुशीतून येणारी पाण्याची धार मामी लांबूनही बघते. धार बारीक झाली की इम्पेलर गेला, हे तिला मेकॅनिकआधी कळतं.

यंदा पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत गिअरचं ऑइल काढलं. स्वच्छ निघालं, दुधाळ असतं तर सील गेलेलं असतं. मशीनऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा ठोकळा निम्मा झिजला होता, तो बदलला. त्याच सुमारास दोन घरं सोडून राहणारा एक जण नवं मशीन घ्यायचं म्हणून मामाकडे आला. दहा घेऊ की पंधरा, कुठल्या कंपनीचं, किती पितं, हे सगळं त्याने एका दमात विचारलं. मामाने वही काढलीच नाही. त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरात उचलतलो कोण?"